अंगणातली 'बार्शी लाईट'

कुर्डुवाडीच्या फलाटावरून आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची छोटी गाडी पकडलेली पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकजण त्याच पिढीतले असतील. आमच्या जेऊर स्थानकावरून धावते ती पुणे-सोलापूर मार्गावरची मोठी गाडी. पण करमाळा, माढा, बार्शी या भागातल्या माणसाला 'छोटी गाडी' म्हटले की आठवते ती कुर्डुवाडीची, अडीच फुटी रुळांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. २००० नंतरच्या दशकभरात टप्प्याटप्प्याने सारा मार्ग मोठ्या रुळांचा झाला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

तीच गाडी एखाद्या घराच्या अंगणात, तुळशीवृंदावनाला वळसा घालून धावू शकते आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ती स्वतःच्या हातांनी बांधलेली असू शकते. डॉक्टराने खेळण्यातल्या रेल्वेवर लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. कारण सांगतो.

रक्तदाब आणि मधुमेहासाठी माझ्याकडे नियमित येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. बांधावरच्या झाडांपासून पंपाच्या दुरुस्तीपर्यंत सगळे आयुष्यभर स्वतः केलेला माणूस. अलीकडे त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत बार्शी लाईटची प्रतिकृती उभारायला घेतली होती. एके दिवशी मुलगा सोबत आला आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता अण्णांना तुम्हीच सांगा. उन्हातान्हात रूळ टाकत बसतात. परवा उठताना तोल गेला, भिंत होती म्हणून वाचले. या वयात हा पोरखेळ कशाला?" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून लेथवर कातून आणलेले एक छोटे चाक काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

मुलाची काळजी खोटी नव्हती. उतारवयात पडणे ही साधी गोष्ट नसते. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे पुढचे आयुष्य अंथरुणाशी बांधले जाते. परंतु "आता स्वस्थ बसा" हा जो सल्ला आपण वडीलधाऱ्यांना प्रेमापोटी देतो, तोही निरुपद्रवी नसतो. बसून राहिलेल्या वृद्धाच्या मांड्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते, आणि ज्या पडण्याच्या भीतीने आपण त्यांना बसवतो तेच पडणे अधिक जवळ येते. म्हणून मी त्या मुलाला सांगितले ते असे: काम काढून घेऊ नका, कामाची उंची, वेळ आणि वजन बदला. त्या सूत्राचा विस्तार म्हणजे हा लेख. रेल्वे हे त्याचे निमित्त आहे आणि, खरे सांगायचे तर, मला स्वतःला तिचा मोहही पडला आहे.

लहान रूळ, मोठी चाके

घरातल्या टेबलावर मांडायची आगगाडी बहुतेकांनी पाहिलेली असते. पुण्यात कर्वे रस्त्यालगत भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. नातवंडांना घेऊन एकदा अवश्य जावे. तेथील गाड्या खऱ्या गाडीच्या ८७व्या हिश्शाच्या आहेत. पाहायला त्या अप्रतिम, परंतु त्यांची चाके वाटाण्याएवढी, रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. संधिवाताच्या बोटांनी आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी असा डबा रुळावर बसवणे ही शिक्षा ठरते.

बागेतली रेल्वे याहून पुष्कळ मोठी असते. युरोपात हा छंद जुना आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली ४५ मिलिमीटर रुळांच्या, ऊन-पाऊस सोसणाऱ्या गाड्या बाजारात आणल्यावर तो घरोघरी गेला. बागेसाठी लोक नॅरोगेजच का निवडतात, यामागे साधा हिशेब आहे. खरी नॅरोगेज गाडीच मुळात लहान असते, झपकन वळते, दोन-तीन डब्यांनीही पूर्ण वाटते. त्यामुळे थोड्या जागेत मोठ्या प्रमाणातली प्रतिकृती मावते. आपल्या बार्शी लाईटचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. फुटाला अर्धा इंच हे प्रमाण धरले, म्हणजे चोविसावा हिस्सा, तर रुळांतले अंतर येते सव्वा इंच, सुमारे ३२ मिलिमीटर. माथेरानच्या गाडीचे रूळ आणखी अरुंद, दोन फुटी. त्याच ३२ मिलिमीटर रुळांवर माथेरानची गाडी करायची झाली तर ती एकोणिसाव्या हिश्शाची होईल. या प्रमाणात डबा हातभर लांब होतो, चाक रुपयाच्या नाण्याएवढे होते आणि स्क्रू चष्मा लावून दिसेल, बोटांत धरता येईल असा राहतो. वृद्धांच्या हातांना मानवणारे हे माप आहे.

परदेशी सामान महाग पडते आणि त्याची गरजही नाही. अण्णांनी रुळांसाठी १० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी उभी वापरली, लाकडी स्लीपरना खाचा पाडून त्यांत ती बसवली. चाके लेथवर, डबे पीव्हीसीच्या पत्र्याचे, इंजिनात बारा व्होल्टची छोटी मोटर आणि बॅटरी. रुळांतून वीज न नेता बॅटरी इंजिनातच ठेवण्याचा निर्णय शहाणपणाचा. नाहीतर आपल्याकडच्या धुळीत रोज रूळ घासत बसावे लागते, तेही वाकून.

काळी माती आणि शहाबादी फरशी

आता उंचीविषयी. सुरुवातीला अण्णांनी रूळ जमिनीवरच टाकले होते आणि त्यात दोन अडचणी होत्या. पहिली मातीची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घराची भिंत टिकत नाही, तिथे बोटभर रूळ काय टिकणार? जमिनीवरच मार्ग न्यायचा असेल तर फूटभर माती काढून मुरूम भरावा, तो पाणी मारून ठोकावा आणि वर बारीक खडीची कच पसरावी. दुसरी अडचण गुडघ्यांची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. उकिडवे बसून तासभर काम करायचे आणि झटक्यात उठायचे, यातच त्यांचा तोल गेला होता.

उभे राहताच रक्तदाब एकदम उतरणे हे उतारवयात फार आढळते. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधे यांनी ते वाढते. तपासणी सोपी आहे: पाच मिनिटे आडवे राहून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि पुन्हा तिसऱ्या मिनिटाला मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला तर ती बाब डॉक्टरांच्या कानावर घालावी. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. बहुधा वेळ किंवा मात्रा बदलून काम भागते. अण्णांचा आकडा २६ने उतरत होता. त्यांची एक गोळी सकाळऐवजी रात्री गेली आणि रूळ जमिनीवरून वर आले.

वर आले ते शहाबादी फरशीवर. विटांचे छोटे खांब, त्यांवर दोन फूट रुंदीच्या फरश्या, जमिनीपासून उंची साधारण ७५ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी. खुर्चीत बसून काम करता येते. उद्या दुर्दैवाने चाकांची खुर्ची वापरावी लागली तरी खांबांमधल्या जागेत गुडघे जातात. फरशीला वाळवी लागत नाही आणि ती फुगत नाही. एकाच बाजूने हात पोहोचणार असेल तर दोन फुटांपेक्षा जास्त रुंदी नको. टोकाला गाडी वळवून परत आणायची तर वळणाचा व्यास किमान चार फूट लागतो; तेवढ्या चौथऱ्याला चारही बाजूंनी फिरता येईल अशी वाट ठेवावी. वाट सपाट हवी, तीत पाइप आडवे पडलेले नसावेत. चौथऱ्याची कड हाताला धरता येईल इतकी पक्की असावी, कारण तोल जाताना माणूस जे समोर असेल ते धरतो.

खांब आणि फरश्यांचे काम गवंड्याकडूनच करून घ्यावे. ठिसूळ हाडांच्या माणसाने वाकून ओझे उचलले की पाठीचा मणका दबून मोडू शकतो. पडावेच लागते असे नाही. खडी टाकायची तर अर्धे घमेलेही नको, तांब्याने टाकावी. इथे मला कॅलथ्रॉपसाहेब आठवतात. त्यांची सारी करामत भार वाटण्यात होती. यार्डाला ३० पौंडांचे हलके रूळ त्यांनी वापरले आणि इंजिन असो वा वाघिणी, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडणार नाही, सगळ्या आसांवर तो सारखा राहील, अशी रचना केली. त्यामुळे हलक्या रुळांवरून मोठे वजन गेले. इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ सालच्या छोट्या रेल्वेला त्यांनी हीच पद्धत लावली. साठ किलो खडी एका दिवसात वाहणारा सत्तरीचा माणूस आणि तीच खडी महिनाभर रोज दोन किलो वाहणारा माणूस, यांच्या कण्यांवर पडणाऱ्या भारात तेवढाच फरक असतो.

वाढवत नेण्याची कला

या छंदातले मला सर्वाधिक भावलेले अंग म्हणजे तो कधी पुरा होत नाही. भरतकाम संपते, कोडे सुटते, मालिकाही कधीतरी संपते. रेल्वे वाढवता येते. अण्णांनी पहिल्या हिवाळ्यात भिंतीलगत सरळ बारा फुटांचा मार्ग टाकला आणि त्याच्या दोन टोकांना नावे दिली कुर्डुवाडी व बार्शी. दुसऱ्या वर्षी कुर्डुवाडीहून दुसऱ्या दिशेने मोडनिंबमार्गे पंढरपूर झाले. मग बार्शीपलीकडे येडशीकडे वळण. खरी गाडी ज्या क्रमाने वाढली त्याच क्रमाने त्यांना जायचे आहे. मी एकदा विचारले, लातूर कधी? म्हणाले, "कंपनीला मिरजेपर्यंत जायला तीस वर्षे लागली, मला घाई करून कसे चालेल?"

निवृत्तीनंतरच्या दिवसाला ज्याची उणीव असते ते यात आहे: उद्या सकाळी करायचे असे काहीतरी ठरलेले काम. मनाच्या आरोग्यासाठी याचे मोल मी कमी लेखत नाही. जोडीदार गेलेल्या, मुले दूर असलेल्या माणसाला तर ते फारच असते. तथापि छंद हे नैराश्याचे औषध नव्हे. झोप उडाली, भूक गेली, रडू येते, जगणे नकोसे वाटते, असे दोन आठवडे चालले तर "रूळ टाका, बरे वाटेल" असे न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे. उलट इतकी वर्षे जपलेला छंद माणसाने अचानक सोडून दिला, इंजिनावर धूळ साचू लागली, तर घरच्यांनी तीच पहिली खूण समजावी.

आणि चालणे चुकवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली हव्यात. खुर्चीत बसून डबे जोडणे त्यात मोजता येणार नाही. मात्र हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, चौथऱ्याची कड धरून टाचा उचलणे, हे गाडीची एक फेरी पुरी होईपर्यंत सहज होऊन जाते.

ऊन, साखर आणि विंचू

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. रूळही त्याने वाढतात: १० मीटर लोखंडी पट्टी ५० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर लांबते, पितळेची जवळजवळ सेंटिमीटरभर. म्हणून सांध्यांत फट ठेवावी लागते. न ठेवल्यास मेमध्ये मार्ग साप वळवळावा तसा वाकडा होतो. माणसाला अशी फट नसते. वृद्धांना तहान कमी लागते, घाम उशिरा येतो, लघवीच्या गोळ्या पाणी आणखी काढतात. उन्हाळ्यात काम सकाळी नवाच्या आत संपवावे, पाण्याची बाटली दिसेल अशी समोर ठेवावी. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असल्याने ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी तेच प्रमाण पाळावे आणि उन्हात जाणेच टाळावे. बागेच्या रेल्वेचा खरा बांधकामाचा हंगाम दिवाळी ते होळी.

मधुमेही वाचकांसाठी दोन गोष्टी ठासून सांगतो. काम रंगले की जेवणाची वेळ टळते, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर अशा वेळी घसरते. हात थरथरणे, दरदरून घाम, घाबरल्यासारखे होणे, विसंगत बोलणे ही तिची लक्षणे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, मग जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. हत्यारांच्या पेटीत साखरेची पुडी असलीच पाहिजे. दुसरे, अनवाणी काम नको. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यात लोखंडाचा कीस शिरला तरी कळत नाही, कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. बंद बूट, आणि रात्री झोपताना तळवे उजेडात पाहण्याची सवय, एवढ्याने पाय वाचतात. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते हे मोठ्या माणसांच्या ध्यानातही नसते.

बोगद्याबद्दल लिहायलाच हवे. डोंगर, बोगदा यांवाचून रेल्वेला शोभा नाही हे मान्य. परंतु दगडांचा थंड, अंधारा, ओलसर बोगदा म्हणजे विंचवाने स्वतः आखून घेतलेले घर. जमिनीलगत असेल तर फुरसे, घोणसही तिथे येतात. गाडी आत अडकली की माणूस सवयीने हात घालतो. म्हणून बोगद्याचे छत झाकणासारखे उचलता यावे, हात घालण्याआधी काठीने चाचपावे, दगड हलवताना जाड हातमोजे घालावेत आणि संध्याकाळी विजेरी हाती हवी. विंचू किंवा साप चावला तर बांधणे, चिरणे, मंत्र यांत वेळ न दवडता तो अवयव न हलवता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शोभेसाठी तळे केले असेल तर त्यातले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावे, नाहीतर डेंग्यूचा डास आपल्या स्थानकावर उतरलाच म्हणून समजा.

विजेची भीती बॅटरीवरच्या गाडीत फारशी नाही. चार्जर घरात, कोरड्या जागी. लिथियमची बॅटरी पलंगावर किंवा उन्हात चार्ज करू नये, फुगलेली लगेच बाद करावी. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी मोटर व सुटे चुंबक छातीपासून वीतभर तरी लांब ठेवावेत, सदऱ्याच्या खिशात तर मुळीच नको. मात्र सर्वांत जपायचे ते रिमोटमधल्या चपट्या, बटणासारख्या बॅटरीला. आजोबांची गाडी पाहायला नातवंडे येणारच. लहान मुलाने अशी बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजते. मूल हसतखेळत असले तरी थांबू नये, त्याच क्षणी क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. रिमोटचे झाकण स्क्रूने बंद होणारेच घ्यावे.

हात आठवण ठेवतात

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. या आजारात सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण पक्कड कशी धरायची, पेच कोणत्या बाजूला आवळायचा हे हातांना पुष्कळ काळ आठवते. कौशल्याची स्मृती उशिरा जाते. त्यामुळे अशा व्यक्तीला संपूर्ण रेल्वे बांधायला न सांगता एकच, पुन्हा पुन्हा करता येणारे काम द्यावे: स्लीपर घासून गुळगुळीत करणे, खडी चाळणे, डबे रंगानुसार लावणे. चुकले तर दुरुस्त करून दाखवू नये. धारदार हत्यारे, सोल्डरिंगची सळई, रंगाचे पातळ द्रव मात्र कुलुपात असावेत. याने आजार बरा होतो किंवा लांबतो असा दावा मी करणार नाही. दुपारी चारच्या सुमारास ज्यांची तगमग सुरू होते अशांचा तासभर शांततेत गेला तरी सांभाळणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला चहा बसून पिता येतो, आणि हे लहान नाही.

हात आणखी एक गोष्ट सांगतात. रोज स्क्रू बसवणाऱ्या माणसाच्या हातून अचानक स्क्रू गळू लागला, पक्कड धरवेना, तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द अडखळले, चालताना झोकांडी गेली, यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसले तर तो पक्षाघात समजून निघावे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन निवडक रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. जेऊरसारख्या ठिकाणाहून सोलापूर किंवा पुणे गाठण्यातच त्यातले निम्मे तास जातात. "जरा पडू द्या, संध्याकाळपर्यंत बघू" म्हणत घालवलेला वेळ परत मिळत नाही. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहून न्यावी. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

बोटांच्या संधिवातासाठी हत्यारांच्या मुठींना सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे घालून त्या जाड कराव्यात, पकड सोपी होते. अर्ध्या तासाने बोटे उघडझाप करून विश्रांती द्यावी. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, आणि स्क्रूची खाच न दिसणे हा पुरेसा अडथळा आहे. सोल्डरिंग उघड्या पडवीत, धूर तोंडावर येणार नाही असे बसून करावे. त्यात शिसे असते, म्हणून चहाच्या कपाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

राहिला पावसाळा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर रुळांवर शेवाळ धरते, फरश्या निसरड्या होतात. त्या चार महिन्यांत अंगणातले काम बंदच ठेवावे आणि रेल्वे पडवीत आणावी. खिडकीशी टेबल, डाव्या खांद्यावरून येणारा प्रकाश, पाठ टेकता येईल अशी खुर्ची. डबे बांधायचे, रंगवायचे ते याच दिवसांत. अण्णांच्या मुलाने यंदा त्यांना टेबलावर लावायचा भिंगाचा दिवा आणून दिला आहे. सध्या तिथे सांगोला आणि कवठे महांकाळच्या पाट्या रंगवणे चालू आहे. अक्षरे नात काढते, आणि 'कवठे' व 'महांकाळ' यांत जागा किती सोडायची यावरून दोघांचे रोज वाद होतात.